होता होता राहिलेला अपघात

माझ्या नाकावर राग असतो, असं सासरी सगळे म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण वाद घातला की त्यांचंच खरं ठरतं. पण त्या मंगळवारी मला जो राग आला, तो कुणालाही आला असता.

आर्या शाळेतून आली. दहा वर्षांची आहे, प्रायमरी फोरमध्ये. एरवी ती दारातूनच भूक लागल्याचं जाहीर करते आणि दप्तर सोफ्यावर, बूट लिफ्टच्या दिशेने, असं सगळं भिरकावते. त्या दिवशी तिने बूट दाराबाहेरच्या मांडणीत नीट जोडीने ठेवले. तिथेच मला शंका आली. मग तिने फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, साइन कर. फ्रायडेपर्यंत द्यायचाय."

पुढच्या वर्षी कोणता विषय कोणत्या पातळीवर घ्यायचा, ते ठरवायचा फॉर्म होता तो. इंग्लिश, सायन्स, हिंदी, सगळीकडे 'स्टँडर्ड'वर खूण होती. गणितापुढे मात्र 'फाउंडेशन'च्या, म्हणजे सोप्या पातळीच्या, चौकोनात तिने स्वतःच पेन्सिलने खूण करून ठेवली होती. सोबत गणिताचा पेपर. शंभरपैकी एकेचाळीस.

आता फाउंडेशन घेण्यात कमीपणा काही नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा घेतो आणि मजेत आहे. पण हीच मुलगी रात्री झोपताना मला कोडी घालते, इथे सिंगापूरला तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलपुढे रांगेत उभी राहून पुढच्या माणसाला किती मिनिटं लागतील त्याचा हिशोब करते. तिला गणित आवडतं. निदान सोमवारपर्यंत आवडत होतं.

"हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"मिसेस कोह म्हणाल्या." तिने बोटाने टेबलावर रेघ ओढली. "पेपर देताना. सगळ्यांसमोर. 'आर्या, यू आर नॉट अ मॅथ्स गर्ल. यू आर अ ड्रॉइंग गर्ल. टेक फाउंडेशन, लाइफ इझी.' सगळे हसले. इट्स ओके, लाह. मॅम इज करेक्ट."

'लाह' हे इथल्या बोलण्याचं शेपूट, त्याची मला सवय आहे; पण ते 'मॅम इज करेक्ट' ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पर्स उचलली, चप्पल घातली, लिफ्टचं बटण दाबलं. शाळा पाच मिनिटांवर. तिथे जाऊन बाईंना काय काय सुनवायचं, ते अकराव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत माझं तोंडपाठही झालं होतं. फाटकावरच्या काकांनी मात्र अदबीने विचारलं, अपॉइंटमेंट आहे का? नव्हती. सिंगापूरमध्ये भांडायलासुद्धा आधी वेळ घ्यावी लागते. मी तशीच परत आले आणि उज्ज्वलला फोन लावला.

उज्ज्वल म्हणजे माझा नवरा. तुआसच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कुणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही, कुठल्या शिडीचा पाय हलतोय, हे बघणं त्याचं काम, आणि ते तो घरीही करतो. रोज सकाळी पोहे खाताना आमची दोन मिनिटांची मीटिंग असते. 'आज काय काय धोके?' असं तो विचारतो आणि आर्या सांगते, 'हिंदी स्पेलिंग' किंवा 'आईचा मूड'. मला हा प्रकार लग्नापासून पोरकट वाटत आला आहे.

फोनवर त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "प्रियदर्शिनी, मी येईपर्यंत काही करू नकोस. कुणाला लागलं तर नाही ना?"

"लागलंय!" मी ओरडले. "दिसत नाही एवढंच."

"बरं. मग फॉर्म भरू."

संध्याकाळी सात वाजता तो कंपनीच्या बसमधून उतरून आला, तो बॅगेत पिवळ्या कागदांचं पॅड घेऊनच. त्यांच्याकडे एक नियम आहे. अपघात झाला तर चौकशी होतेच. पण अपघात होता होता राहिला, म्हणजे वरून पाना पडला आणि कुणाच्या डोक्यात न पडता शेजारी पडला, तरी त्याचा फॉर्म भरायचा. ज्याने पाहिलं त्याने कळवायचं, आणि कुणाला शिक्षा करायची नाही. पुन्हा तसं घडू नये, एवढ्यासाठीच.

"आर्याने गणित अजून सोडलेलं नाही," तो आमटी भात कालवत म्हणाला. "सोडायच्या बेतात आहे. पण आज मंगळवारच आहे. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. म्हणजे हा होता होता राहिलेला अपघातच."

मी कपाळावर हात मारला. पण आर्या खुर्ची ओढून जवळ आली.

नमनाला घडाभर तेल म्हणतात, ते त्या फॉर्मला शोभून दिसतं. तारीख, वेळ, ठिकाण. प्रकाश पुरेसा होता का? जमीन ओली होती का?

"बाबा, फ्लोअर वॉज ड्राय," आर्या म्हणाली आणि दुपारपासून पहिल्यांदा तिला हसू आलं.

"घटना कुणामुळे घडली, ते लिही," मी म्हणाले. "लिही ठळक अक्षरात, मिसेस कोह."

"नाव लिहायचं नसतं. काय घडलं ते फक्त लिहायचं." मग त्याने आर्याकडून ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. कागदावर ते अगदी लहान दिसत होतं. दुपारी घरभर मावत नव्हतं.

पुढचा प्रश्न होता, यापूर्वी असा प्रकार घडला आहे का? आर्याने नाही म्हणून मान हलवली. उज्ज्वलने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं.

"लिही," मी म्हणाले. "अकोला. सातवी. वक्तृत्व स्पर्धेची नावं घेत होते. सर म्हणाले, 'तू बस खाली, तुझा आवाज फाटका आहे.'"

"मग?" आर्याने विचारलं.

"मग काय, बसले खाली."

ते खरं होतं, आणि मी अजून बसलेलीच आहे. लॅबमध्ये बुरशीवर आठ वर्षं काम करतेय, पण सेमिनार द्यायची वेळ आली की माझी स्लाइड दुसरंच कुणी वाचतं. इथल्या आपल्या लोकांच्या एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी मला बोलायला सांगतात, आणि मी दरवर्षी खुर्च्या मांडायचं काम मागून घेते. आर्याने ते सगळं लिहिलं नाही. तिने इंग्रजीत एवढंच लिहिलं, 'हो. आई. सातवी. आवाज.' आणि माझ्या ताटात आपला पापड ठेवला.

मग आला त्या फॉर्मचा मुख्य भाग. 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा. उज्ज्वलचा हा आवडता खेळ. बाह्या सरसावून तो बसला.

"बाई तसं का म्हणाल्या?"

"मार्क्स कमी, म्हणून."

"मार्क का कमी?"

"नऊ सम्स ब्लँक."

"कोरी का राहिली?"

"बेल झाली."

"बेल होईपर्यंत तू काय करत होतीस?"

"मॉडेल्स काढत होते."

इथल्या गणितात शाब्दिक उदाहरण आलं की आधी पट्ट्या काढायच्या, त्यांनाच मॉडेल म्हणतात. एकाकडे दुसऱ्याच्या तिप्पट गोट्या असतील, तर दुसऱ्याचा एक आडवा चौकोन, पहिल्याचे तीन. त्याकडे बघून उत्तर शोधायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

"त्याला एवढा वेळ का लागला?" उज्ज्वलने पाचव्यांदा विचारलं.

आर्याने पेपर उघडला आणि मधोमध ठेवला. मी दुपारी फक्त वरचा आकडा पाहिला होता. आत सहा उदाहरणं सोडवलेली होती आणि सहाही बरोबर होती. प्रत्येकाच्या पट्ट्या टोकदार पेन्सिलने, पट्टी लावून, मोजून मापून काढलेल्या. एक सेंटिमीटरला दहा गोट्या. दोन्ही टोकांना बाण, बाणाच्या मधोमध माप, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं प्रमाण. घराचे नकाशे असतात ना, तसा दिसत होता तो गणिताचा पेपर.

"हे असं काढायला कुणी सांगितलं?" उज्ज्वलने विचारलं. हा सहावा प्रश्न होता, पण तो विचारताना त्याचा आवाज खाली गेला होता.

"तूच," आर्या म्हणाली. "मी थर्डमध्ये होते तेव्हा. तू म्हणालास, पट्टी न लावता काढलेली रेघ ही रेघच नाही. मग मला स्टीलची रूलर दिलीस."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या तुआसचे धोके शोधणाऱ्या माणसाने आपला धोका पोरीच्या कंपासपेटीत स्वतःच्या हाताने ठेवला होता.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"लिही बाबा, रूट कॉज," आर्या म्हणाली.

"मी," असं त्याने लिहायला घेतलं.

"नाव लिहायचं नसतं," मी आठवण करून दिली.

त्याने लिहिलं, 'घरातील एक प्रौढ व्यक्ती (पुरुष).'

मी हसले खरी, पण मनात चरकलेही होते. कोरी नऊ दिसली बाईंना. मलासुद्धा एकेचाळीसच दिसले होते. ती सहा कुणीच पाहिली नव्हती.

शेवटी कोण काय करणार, त्याच्या ओळी होत्या. उज्ज्वल: पट्टीविषयी एक अक्षर बोलणार नाही. आर्या: रोज तीन उदाहरणं, घड्याळ लावून, नुसत्या हाताने. मी शाळेला मेल लिहिणार, असं सांगत होते, पण आर्याने परस्पर लिहून टाकलं, 'आई: ओरडणार नाही.' आणखी एक ओळ होती, ज्याच्या जागेत घटना घडली त्याने भरायची. ती कोरी राहिली. सगळ्यात खाली 'प्रकरण बंद' असा चौकोन होता. तिथे फक्त कळवणाऱ्याची सही चालते. साहेबाचीसुद्धा चालत नाही.

"मग स्टँडर्ड?" मी विचारलं.

"बघते," आर्या म्हणाली. मी पुढे काही बोलले नाही, आणि ते मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक.

बुधवारी तिने सात मिनिटांत तीन उदाहरणं केली. गुरुवारी सहा मिनिटांत. गुरुवारी रात्री तिने फाउंडेशनची खूण रबराने खोडली, स्टँडर्डवर केली, आणि मी खाली सही ठोकली. फॉर्म टेबलावर ठेवून आम्ही झोपलो.

शुक्रवारी पहाटे सव्वासहाला उज्ज्वल कामावर निघाला. त्याने टेबलावर पाहिलं, एकाच विषयाचे दोन कागद. तुआसमध्ये कुठलाही कागद एकटा जात नाही, त्याला जोडपत्र लागतंच. सवयीने त्याने पिवळा कागद फॉर्मच्या मागे लावून स्टेपल मारला आणि फाइलमध्ये घातला. वर नीटनेटकेपणाचं समाधान घेऊन बस पकडली.

संध्याकाळी आर्या पिवळा कागद शोधू लागली, तेव्हा हे उघडकीला आलं.

"म्हणजे तो मिसेस कोहकडे गेला?" मी विचारलं.

"जोडपत्र म्हणून," उज्ज्वल म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"पुढच्या वर्षीही मॅथ्सला त्याच आहेत!" आर्या किंचाळली. "मॅम विल किल मी! त्यात फ्लोअर ड्राय लिहिलंय!"

पहिल्यांदा मला वाटलं, बरं झालं, वाचू दे. मग आठवलं की त्यात अकोला आहे आणि माझा फाटका आवाजही आहे. शनिवारी आम्ही वाणसामानासाठी लिटिल इंडियात गेलो, तर आर्याने मिठाईच्या दुकानाकडे बघितलंसुद्धा नाही. उज्ज्वलने दोन वेळा तिची माफी मागितली. तिसऱ्यांदा मागायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, स्टॉप, लाह. एका इन्सिडेंटचे दोन फॉर्म नको."

सोमवारी ती शाळेतून आली, ती पिवळा कागद दोन्ही हातांत धरूनच. बूट लिफ्टच्या दिशेने गेलेले. "आई, वाच. मोठ्याने वाच."

कोरी ओळ भरलेली होती. इंग्रजीत, बारीक, सरळ अक्षरात. ते मराठीत सांगायचं तर असं होतं.

'ही जागा माझी आहे. त्या दिवशी अडतीस पेपर होते. मी कोऱ्या जागा मोजल्या, भरलेल्या पाहिल्या नाहीत. आता पाहिल्या. तसं बोलायला नको होतं, आणि वर्गासमोर तर नकोच. उद्या वर्गासमोरच परत घेईन. आर्या सावकाश काम करते, हे मात्र मी परत घेत नाही. त्यावर उपाय आहे. जानेवारीपासून दर बुधवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं, माझ्याकडे.'

आणि वर, जिथे आर्याने 'हो. आई. सातवी. आवाज.' असं लिहिलं होतं, त्याच्याशेजारी समासात आणखी तीन शब्द होते. 'मी. चौदावं. गाणं.'

मला रडू आलं. ज्या बाईला सुनवायला मी लिफ्टमध्ये भाषण पाठ केलं होतं, तीसुद्धा चौदाव्या वर्षी माझ्यासारखीच खाली बसली होती. इतक्या रागाचं आता काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी आर्याला जिलेबी आणायला पाठवते म्हणाले, मग आठवलं की लिटिल इंडिया लांब आहे, आणि दोघी खाली जाऊन नारळाच्या गोड जॅमचा काया टोस्ट खाऊन आलो.

मंगळवारी बाईंनी खरंच सांगितलं. सगळ्या वर्गासमोर, 'मी आर्याच्या गणिताबद्दल चुकीचं बोलले.' आर्याला ते फार लाजिरवाणं वाटलं. "सो एम्बॅरसिंग, लाह," असं ती त्या दिवशी निदान सहा वेळा म्हणाली, दर वेळी आधीपेक्षा आनंदाने.

तिला लगेच 'प्रकरण बंद'मध्ये सही करायची होती. उज्ज्वलने पेन काढून घेतलं. "नुसतं कबूल केलं म्हणून बंद होत नाही. उपाय चालला का, ते तपासून मगच." पहिली चाचणी मार्चमध्ये होती. पिवळा कागद फ्रिजच्या दारावर गेला, स्टीलची पट्टी फ्रिजच्या डोक्यावर.

सुट्टीभर आणि पुढे जानेवारी, फेब्रुवारी तिने हाताने पट्ट्या काढल्या. काय त्या पट्ट्या! एकीचं पोट सुटलेलं, दुसरी उतारावर लागलेली. उज्ज्वलला ते बघवायचं नाही. ती उदाहरणं करायला बसली की तो कॉरिडॉरमधल्या कढीपत्त्याला पाणी घालायला जायचा. त्या कढीपत्त्याची मुळं तेवढ्या महिन्यांत कुजायला आली होती. पण शब्दाला जागला, एक अक्षर बोलला नाही.

फेब्रुवारीत जयंतीच्या कार्यक्रमाचा फोन आला. खुर्च्यांचं काम मागायला मी तोंड उघडलं, तर समोर फ्रिजवर पिवळा कागद. मी म्हणाले, तीन मिनिटं बोलेन. आर्याने तिथल्या तिथे टायमर लावला.

चाचणीचा पेपर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला. बूट लिफ्टच्या दिशेने, दप्तर सोफ्यावर, आणि दारातूनच, "भूक!" मग तिने पेपर टेबलावर ठेवला. या वेळी मी वरचा आकडा बघितला नाही. आधी पान उलटलं.

पंधराच्या पंधरा सोडवलेली होती. चार चुकली होती, त्यातलं एक अगदी वेड्यासारखं. पट्ट्या सगळ्या वाकड्या, एक तर समासाबाहेर निघून गेलेली. शेवटच्या पानावर लाल शाईत मिसेस कोहचा शेरा होता. 'रेघा वाकड्या. छान.'

उज्ज्वल घरी आला, त्याने पेपर हातात घेतला आणि उभ्यानेच पानं उलटली. समासाबाहेर गेलेल्या पट्टीपाशी तो थांबला. मला वाटलं, आता बोलतो की काय. त्याने फक्त चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

आर्याने फ्रिजवरचा पिवळा कागद काढला. खालच्या चौकोनात सही केली, हातानेच, थोडी वर चढत गेलेली. मग स्टुलावर चढून तिने फ्रिजच्या डोक्यावरून स्टीलची पट्टी काढली, फ्रॉकला पुसली आणि बाबाच्या बॅगेत नीट उभी ठेवली.

"ही तुआसला घेऊन जा, बाबा," ती म्हणाली. "तुला लागेल."